शेताच्या रजेचा अर्ज

४ जानेवारी
मोजणीचे साहेब आले. डोंगर न चढताच डोंगर मोजून मोकळे! पायथ्याशी खुर्ची टाकून तक्ता भरला. रकाने तीन – पिकतं, पडीक, जंगल. आमचं वरचं शेत कुठे बसवायचं? नऊ वर्षं विसावा झाला आहे त्याचा. पुढच्या वर्षी झाडोरा तोडायचा, वाळवायचा, जाळायचा आणि राखेत पेरायचं. दोन पिकं घेतली की पुन्हा सोडून द्यायचं. आजेसासऱ्यांच्याही आधीपासून हेच चाललं आहे.
"बाई, नऊ वर्षांत एक दाणा नाही!" म्हणाले, आणि पडीक लिहिलं. पडीक जमिनी रबराच्या कंपनीला जाणार.
सासूबाई तिथूनच कडाडल्या, "शेत झोपलंय, मेलं नाही! साहेब दुपारी डुलकी काढतात, तेव्हा त्यांना पुरतात का?"
हे मात्र साहेबांनी लिहून घेतलं नाही.

६ जानेवारी
हरकत घेऊन कचेरीत गेले. "झोपलेलं, असा रकाना नाही," साहेब म्हणाले. मी चिडून म्हटलं, "मग रजेवर आहे असं समजा!" त्यांनी चष्मा वर सरकवला.
"रजेचा अर्ज कुठाय?"
माणूस थट्टा करत नव्हता.

७ जानेवारी
अर्ज लिहिला. बत्तीस वर्षं शाळेत लोकांचे रजेचे अर्ज नाकारले. स्वतः लिहायची ही पहिलीच वेळ, तीही शेतासाठी. कारण – 'थकवा'.
धाकटे दीर डोकावून म्हणाले, "वहिनी, पगारी की बिनपगारी?"
त्यांना कंपनीचा रबराचा मळा हवा आहे. मळ्यावर रोज काम, पायात बूट, रविवारी सुट्टी. "नऊ वर्षं झाडं बघत बसायचं नि दोन वर्षं कंबर मोडून घ्यायची! मला नाही झेपत." झेपत नाही हे खरं आहे. तरी मी त्यांना गप्प केलं.

१२ जानेवारी
अर्ज परत. शेरा – तीन वर्षांवरील रजेस वैद्यकीय दाखला जोडावा.

१३ जानेवारी
आमच्याकडे डॉक्टर एकच, तोही गुरांचा. त्यांनी छापील फॉर्म काढला. "पाय किती?" शून्य. "चारा खातं?" पाऊस पितं. शेवटी उठून धापा टाकत वर चढले – निदान चढले तरी! माती चुरून हुंगली, बुंध्यांना कवेत घेऊन पाहिलं. दाखला दिला – 'रुग्णाची प्रकृती झपाट्याने सुधारत आहे. आणखी एक वर्ष सक्तीची विश्रांती.' फी घेतली नाही. म्हणाले, "लाथ न मारणारा पहिलाच पेशंट."

२० जानेवारी
नवी शंका – रजेच्या काळात बदलीवर कोण? खालच्या उतारावरचं शेत दाखवलं. तेच तर पिकतं आहे सध्या! पिढ्यान्‌पिढ्या आम्ही जे करत आलो, त्याला कचेरीत 'बदली' म्हणतात एवढंच. साहेब इतके खूश झाले की त्यांनी शेताचं सेवापुस्तकच उघडलं. जन्मतारीख विचारली.

२१ जानेवारी
सासूबाई म्हणतात, "आधी डोंगराची विचार म्हणावं!"

२ फेब्रुवारी
रजा मंजूर!! गोल शिक्का, सही, सगळं. पडीकवर काट.
वस्तीतली अकरा घरं दारात. प्रत्येकाच्या शेताला रजा हवी. एकटीने किती लिहिणार? दिरांना नकला करायला बसवलं. मुकाट्याने बसले, एकही टोमणा नाही. अर्जाची भाषा मात्र खोदून खोदून विचारत होते. 'विनंती' कुठे लिहायची, 'कृपया' कुठे. अखेर उमगलं म्हणायचं! बरं वाटलं.

९ फेब्रुवारी
कचेरीचं पत्र. आमच्या शेताचा राजीनामा मंजूर झाला आहे. सोमवारपासून कंपनी रबर लावणार. मूळ अर्ज सोबत जोडला आहे – खाली दिरांची सही. सातबाऱ्यावर नाव आहे त्यांचं, चालते.
अर्ज दोनदा वाचला. एकही चूक काढता येत नाही.