साठ दिवसांची पाहुणी

३ मार्च

आणली एकदाची! अकरा दिवसांची. दुपट्यातून नुसतं नाक दिसतं.

बालकल्याण कार्यालयातल्या बाईंनी नियम वाचून दाखवला. आईने काल सही करून मूल कायद्याने सोपवलं. विचार बदलायला तिला साठ दिवस. नाही बदलला तर मूल कायमचं दुसऱ्या घरी दत्तक. तोवर आमच्याकडे. आईला कुणी जाब विचारायचा नाही.

मी म्हटलं, "बरा कायदा आहे! पोटचं पोर द्यायचं, वर मुदतही."

ही बाळाचं टोपडं सारखं करत म्हणाली, "तुम्ही आधी हात धुऊन या."

सायकली दुरुस्त करणारा माणूस मी. नखांतलं ग्रीस तीनदा धुतलं तरी राहतंच. चौथ्यांदा धुतलं.

४ मार्च

रडली. दिवसभर.

९ मार्च

हिची ताकीद — नाव ठेवायचं नाही, माया लागते. ही निवृत्त नर्स, हे तिने सांभाळलेलं सातवं बाळ. आधीच्या सहा वेळी मी दुकानात असायचो. यंदा गुडघ्यांनी घरी बसवलंय.

कानाच्या पाळीवर तीळ आहे. ठिपकी! हे काही नाव नव्हे, वर्णन आहे.

२० मार्च

शोध लागला! पेडल उलटं फिरवलं की कट् कट् वाजतं. ते ऐकलं की ठिपकी गप्प. एक जुनी सायकल पाळण्याशेजारी आणून उभी केली. ही म्हणाली, "साठी बुद्धी नाठी!" दुपारी पाहतो तर स्वतःच पेडल फिरवत बसलेली.

२ एप्रिल

हसली. माझ्याकडे बघून. ही म्हणते, पोटात वायू असेल. असो वायू!

११ एप्रिल

आईने भेट मागितली होती. ही तापाने आडवी, म्हणून मीच ठिपकीला घेऊन कार्यालयात गेलो. त्या बाईला चार शब्द सुनावायचे, असं वाटेत घोकत होतो.

बाई कसली — विशीचीही नाही. बेकरीत काम करते. मनगटांवर भट्टीचे चटके. हात मागे बांधून उभी, बाळाला शिवेना.

"दूध पिते?"

"पिते की. दांडगी आहे."

मग म्हणाली, "काका, मी हिला टाकली नाही हो. टाकायची असती तर कुठल्याही पायरीवर ठेवून पळाले असते. माझ्या खोलीला धड कडीसुद्धा नव्हती. हिला लगेच कुणीतरी हातात घ्यावं, म्हणून सही केली."

म्हटलं, "मग घे की."

घेतली. ठिपकी टकामका बघत राहिली. रडली नाही. मला राग आला — रडली नाही म्हणून! काय माणूस आहे मी.

१९ एप्रिल

कार्यालयातल्या बाईंना फोन केला. आम्हीच ठेवून घेतली तर? तुमचं वय नियमात बसत नाही, म्हणाल्या. म्हणजे आई आली तरी जाणार, नाही आली तरी जाणार.

हिला सांगणार नव्हतो. पण चेहरा पाडून बसलो असेन. ही भांडी पुसता पुसता म्हणाली, "मीही विचारलं होतं. पहिल्याच आठवड्यात."

म्हणे माया लागते!

२७ एप्रिल

बाईंचा फोन. पोरीने सही मागे घेतली. आता कडीकुलपाची खोली मिळालीय, पगारही वाढलाय. उद्या न्यायला येणार.

चांगलं झालं. चांगलंच झालं ना!

२८ एप्रिल

गेली.

दुपटी, बाटल्या, औषधाचा चमचा — पिशवी मी भरली. कोणत्या कुशीवर झोपते ते पोरीला तीनदा सांगितलं. "हो काका, हो काका." ही दारापर्यंत हसत होती. दार लागलं आणि भिंतीला टेकून खालीच बसली. मी चहा केला. दोघांचाही निवला.

२९ एप्रिल

लिहिण्यासारखं काही नाही.

५ मे

सकाळी सव्वासहाला दार वाजलं. पोरगी उभी, छातीशी ठिपकी. "काका, कामावर बाळ चालत नाही म्हणाले. सातला लागते, तीनला सुटते. रोज सांभाळाल?"

ही आतून धावत आली. "विचारत काय बसलीस! दे इकडे."

रविवारी सुट्टी असते म्हणे. रविवार कसा काढायचा, ते आता बघायला हवं.