दुकान बंद ठेवून आलेली माणसं

आई, आज ऑफिसात जेवताना आमची ज्युनिअर माझ्याशेजारी येऊन बसली. चीनहून शिकायला आली आणि इथेच बर्मिंगहॅमला बँकेत लागली, वय पंचविशीचं. तिचा बॉयफ्रेंड गोरा आहे. त्याने तिला रविवारी त्याच्या आईकडे जेवायला बोलावलंय, तर हिची झोप उडालीय. "याचा अर्थ काय धरायचा?" मला विचारते. डिग्री मिळेपर्यंत मुलाशी नुसतं बोललं तरी तिची आई आकाशपाताळ एक करायची, आणि डिग्री हातात पडली तशी तीच आई फोनवर विचारते, लग्न कधी? मधलं काही कुणी शिकवलंच नाही. आणि त्यांच्यात मुलाने घरी नेलं, की ठरलंच. मी म्हटलं, "अगं, इथे त्याचा काही अर्थ नसतो. रोस्ट खा, आईला थँक्यू म्हण आणि घरी ये." तिचं तोंड एवढंसं झालं. मला तू आठवलीस. चांगल्या अर्थाने नव्हे.

आपल्या घरी तरी काय वेगळं होतं? माझी शाळेतली इंग्रज मैत्रीण पंधराव्या वर्षी मुलगा घरी आणायची. तिची आई त्याला बीन्स ऑन टोस्ट करून घालायची. थोड्या दिवसांनी तो जायचा, ही उशीत तोंड खुपसून रडायची, की आला दुसरा. मी हे एकदा तुला नुसतं सांगितलं, तर कुकरचं झाकण लावता लावता तू म्हणालीस, "आपण काय गोरे आहोत का? त्यांचं काय, आज हा, उद्या तो. लाजलज्जा गुंडाळून ठेवलीय मेल्यांनी." बाबा गेल्यापासून हॉस्पिटलमधल्या डॉक्टरकीच्या ड्यूट्या सांभाळून तू मला एकटीने वाढवत होतीस. म्हणून मी गप्प बसायचे.

मग तो भेटला. त्याचे आईवडील हाँगकाँगहून आलेले, त्यांचं टेकअवे होतं, चिनी जेवण बांधून द्यायचं दुकान. तो मला घरी नेत नव्हता आणि मी त्याला आणत नव्हते. दोन्ही घरचं शास्त्र एकच, म्हणून तर आमचं जमलं. चार वर्षं आम्ही बसस्टॉपवर संसार केला म्हण ना. शेवटी त्याने घरी सांगितलं, आणि त्याचे आईवडील आपल्याकडे यायला निघाले. मी तुला नीट बसवून समजावलं होतं, की त्यांच्यात मुलाकडची माणसं फळं घेऊन मुलीच्या घरी आली, की ते लग्नाचंच बोलणं. "येऊ देत की," म्हणालीस. मला वाटलं, विरघळलीस. वेडीच मी.

कधी बंद न राहणारं दुकान शनिवारी संध्याकाळी बंद ठेवून ते आले. वडिलांनी सूट घातलेला, खांद्यावर घड्या तशाच. त्यांनी पपनसं आणि चहाचा डबा दोन्ही हातांनी तुझ्यापुढे धरला. तू चकल्या ठेवल्यास, चहा दिलास, गोड हसलीस आणि तुझ्या त्या वॉर्डातल्या इंग्रजीत म्हणालीस, "एवढं कशाला आणलंत? माझी मुलगी इथेच वाढलेली आहे. तिचे बरेच मित्र येतात-जातात. आज तुमचा मुलगा, उद्या दुसरा कुणी. आम्ही नाही मनावर घेत."

वडिलांना इंग्रजी बेताचंच येत होतं. त्यांनी मुलाकडे बघितलं. तू त्याला म्हणालीस, "सांग ना बाबांना," आणि थांबलीस. पेशंटच्या नातेवाइकांना वाईट बातमी दिल्यावर थांबतात तशी, अगदी शांत. मी म्हटलं, "खोटं बोलतेय ती." तू माझ्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांना सांगितलंस, "लाजतेय." त्याला सांगावं लागलं, आई. स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या भाषेत, बापाला. बापाने न प्यायलेला कप खाली ठेवला, तुझे आभार मानले आणि कोट घातला. सोमवारी तू ती फळं वॉर्डातल्या नर्सेसना वाटलीस. गोड निघाली, असंही घरी येऊन सांगितलंस.

त्यानंतर तो मला एकदाच भेटला. म्हणाला, "तू तशी नाहीस, मला माहितीये. पण माझ्या बाबांनी ते माझ्या तोंडून ऐकलंय." मी भांडले, हातापाया पडले. तो नाही म्हणाला नाही, फक्त बस आली तेव्हा चढला.

तुला मुलगी घरात हवी होती ना? घे. फक्त ती तू सांगितली होतीस तशी मिळाली. दर थोड्या महिन्यांनी मी एकेकाला दिवाणखान्यात आणून बसवला. "आई, हा आजचा." तू चहा करायचीस, साखर किती ते विचारायचीस. गणपतीला महाराष्ट्र मंडळातल्या बायका विचारायच्या, "काय हो डॉक्टर, मुलीचं जमतंय का कुठे?" तेव्हा तू प्रसादाचं ताट उचलून आत निघून जायचीस, आणि मी तुझ्याकडे बघत राहायचे. पुढे तुझे हात कापायला लागले. बशीत चहा सांडायचा, तरी करायला तुलाच लावला. एकदा ओट्याला टेकून म्हणालीस, "पुरे गं आता." मी म्हटलं, "काय पुरे? आपण नाही मनावर घेत." तू पुढचा कप भरलास. मला त्याचं वाईट वाटत नाही. तुला तरी कुठे वाटलं होतं?

हे मी लिहून इथेच ठेवून देणार आहे. तू असतीस तरी दिलं नसतं, वाचून रडली असतीस आणि मग मलाच तुझे डोळे पुसावे लागले असते. एक मात्र सांगून टाकते. त्यांतला एकही मला आवडला नव्हता. तू गेल्यावर मी कुणालाच घरी आणलं नाही. दाखवायचा कुणाला?