ब्रॅकनचा उजवा डोळा

माझा धीर सुटलेला नाही. नाव-गावाच्याही आधी हे लिहिते, कारण तीन आठवडे दुसरं काही कानावर पडलेलं नाही. पागेत तेच, दुकानात तेच, काल तर चर्चच्या पायरीवर. "हात मोडला आणि ब्रीडाचा धीर सुटला." कोणी पसरवलं ते मला माहीत आहे. त्याच्याशी तोंडानं बोलून झालं. आता कागदावर बोलते, कागदाला मध्येच तोडता येत नाही.

मी ब्रीडा क्विलिगन, वय त्रेपन्न, अविवाहित, राहणार किलकोरन, जिल्हा क्लेअर. प्रदर्शनाचे घोडे तयार करणं आणि स्वार शिकवणं हा माझा धंदा. शाळा बाराव्या वर्षी सुटली, तेव्हा शुद्धलेखन कोणी काढू नये. डोकं ठिकाणावर आहे, दारू घेतलेली नाही, हात धरून कोणी लिहवून घेत नाही. आधीच्या मृत्युपत्रात सगळं माझ्या धाकट्या भावाला, फिंटनला होतं. ते रद्द. आज सकाळी चुलीत घातलं, चांगलं जळलं.

कलम पहिलं. पागेतला माझा अर्धा वाटा, घोडे फिरवायचं वरचं मैदान, मी राहते ते घर आणि ब्रॅकन नावाच्या तपकिरी घोड्यातला माझा अर्धा हक्क (दोन्हींतला दुसरा अर्धा फिंटनचा), हे सगळं फिंटनच्या मुलीला, सोरखाला. वय एकोणीस. हात हलके, बसणं माझ्यापेक्षा चांगलं. हे तिला कधी सांगितलं नाही, आता वाचेल.

कलम दुसरं, आणि ही अट आहे. या पागेत प्रत्येक घोड्याला आठवड्यातून एक दिवस उजवीकडून हाताळायचं. धरायचं, खोगीर घालायचं, चढायचं, सगळं उजवीकडून. शिकणाऱ्या पोरांनी कुरकुर केली तर करू द्यावी.

कारण लिहिते. आम्हा घोडेवाल्यांचं सगळं डावीकडून. का, तर बाप करायचा म्हणून. ब्रॅकन तीन वर्षं माझ्या हाताखाली कोकरासारखा उभा राहिला. जूनमध्ये एका शिंगरानं मला पाडलं, डावा हात प्लास्टरमध्ये गेला. उजवा हात पुढे करून जायचं म्हणून पहिल्यांदा त्याच्या उजव्या अंगानं गेले. तो असा दचकला की मला भिंतीवर चेपलं. रागानं नाही. मी तिथे आहे हेच त्याला दिसलं नव्हतं. डोळ्यावर निळसर साय होती. माझ्याच घोड्याचा उजवा डोळा मी किती दिवसांत नीट पाहिला नव्हता, देव जाणे. ही चूक माझी, दुसऱ्या कोणाची नाही.

दहा दिवसांनी साय गेली. मग घोड्यांचा डॉक्टर आला, बॅटरी मारून पाहिली, डोळा स्वच्छ. त्याला दिसलं ते त्यानं खरं सांगितलं. जुने लोक म्हणायचे, ही साय चंद्रासारखी येते आणि जाते. आज सकाळी त्याच डोळ्यातून पुन्हा पाणी गळायला लागलंय. मागच्या वेळी पाणी गळताना पागेतल्या पोरानं पाहिलं होतं, त्याच्या चौथ्या दिवशी मला साय दिसली. आज सोमवार. प्रदर्शन शनिवारी, त्यात सोरखा ब्रॅकनवर बसून उड्या घेणार. डॉक्टर सुट्टीवर गेलाय, येणार पुढच्या आठवड्यात. मोजा.

फिंटनला गोठ्यामागे गाठून सांगितलं.

"ताई, माशा बसल्यात त्याच्या डोळ्यावर. तू हात बरा कर, घोडा माझ्यावर सोड."

"पाचवी उडी दगडी भिंतीची आहे, फिंटन. उजवीकडे वळलं की समोर. त्याला दिसायच्या आधी ती लागेल. आणि वर तुझी पोर असणार."

"गिऱ्हाईक समुद्र ओलांडून येतंय. त्यांना काय सांगू, आमच्या ताईला स्वप्नं पडतात?"

"आंधळा घोडा विकतोस?"

"धीर सुटला की माणसं असंच बोलतात." आणि हसला.

मग सोरखाला सांगितलं. ती म्हणाली, "आत्या, तूच शिकवलंस ना? मनात शंका घेऊन बसलं की घोड्याला कळतं." शिकवलं खरं. तीस वर्षं समोर आलेल्या प्रत्येक पोराला शिकवलं. ते वाक्य मी या मृत्युपत्रानं परत घेत आहे. शंका आली की उतरावं.

कलम तिसरं. वडिलांचा चाबूक कोणालाही नाही. माझ्याबरोबर मातीत पुरावा. फिंटनला जो घोडा पाडायचा त्यावर वडील मला बसवायचे, शाळेतून काढलं ते त्यासाठीच. मी पडले तर घोडा वाईट, टिकले तर घोडा विकायला तयार. हिशोब सोपा होता. माझी सात हाडं मोडली आणि फिंटनचं एकही नाही, म्हणून त्याला वाटतं पडणं म्हणजे बातमीतली गोष्ट. आता त्या जागी तो स्वतःच्या पोरीला बसवतोय, आणि हे त्याच्या लक्षातही येत नाही.

कलम चौथं. माझी दोन्ही चांगली खोगिरं आणि कुत्री सोरखाला. कुत्रीला रात्री घरात घ्यावं. भावजय ग्रॉनिया हिनं बारा वर्षांपूर्वी नेलेला दुधाचा निळा जग तिच्याकडेच राहू दे. मी गेले की कपाटामागून काढायला हरकत नाही.

कलम पाचवं. शुक्रवारी सकाळी सात वाजता मी ब्रॅकनवर बसणार आहे. आपल्या मैदानात तशीच दगडी भिंत आहे, मीच रचलेली. उजवीकडे वळून, प्रदर्शनात असेल त्याच वेगानं नेणार. पार झालो तर सोरखानं शनिवारी खुशाल बसावं, मी तोंड उघडणार नाही. नाही झालो, तर हा कागद आहेच.

त्या सकाळी काही झालं तर ब्रॅकनला गोळी घालायची नाही. त्याचा दोष नाही. ओढ्याकाठच्या कुरणात सोडावं, आणि त्याच्याकडे जाताना आधी हाक मारावी.

माझ्यामागे हे सगळं पार पाडायचं काम एनिसच्या वकीलबाईंचं. त्या कोणाला भीत नाहीत.

सही करणाऱ्या साक्षीदारांना कायद्यानं यातलं काही मिळत नाही, हे दोघांना सांगितलं. नालबंद मॉसी म्हणाला, "ब्रीडा, हे मृत्युपत्र आहे की धमकी?" मी म्हटलं, "दोन्ही. सही कर." पेग रडली, पण तिचं अक्षर छान आलं.

सही: ब्रीडा क्विलिगन
साक्षीदार: मॉसी टूई, नालबंद, किलकोरन
साक्षीदार: पेग लिलिस, टपाल कचेरी, किलकोरन
आम्ही दोघांनी एकमेकांसमोर आणि तिच्यासमोर सही केली.
किलकोरन, सोमवार, ९ ऑगस्ट २०१०

सहीखाली लिहिलेलं मृत्युपत्रात धरत नाहीत म्हणे. म्हणून हे इथे. फिंटन, याची नक्कल तुझ्या टेबलावर ठेवली आहे. प्रदर्शनाच्या यादीतून ब्रॅकनचं नाव काढायची मुदत गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत. अर्जावर सही तुझी, तेव्हा नाव तुलाच काढता येतं. काढलंस तर हा कागद तुझ्या हातानं चुलीत घाल, मी काही बोलणार नाही. तोंडानं सांगायची लाज वाटत असेल तर ब्रॅकनचा लगाम त्याच्या दाराच्या उजव्या खुंटीला अडकव. आजवर ती खुंटी कोणी वापरलेली नाही, मला लगेच कळेल. गुरुवारी रेडिओवर सहाची घंटा वाजेल तेव्हा मी त्या दारासमोर उभी असेन. त्याच्या आत मला उत्तर दे.