पडलं तरी सांगायचं नाही

नाशिक, ४ जानेवारी २०२५

चि. उमाकांत यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू चिडलास की बंद करतोस आणि चिडला नाहीस तर स्पीकरवर टाकतोस. मग आपलं बोलणं शेजारच्या ओट्यापर्यंत जातं. म्हणून कागद.

काम असं आहे. शहाद्याच्या एका संस्थेने वर्षभर कळसाडीत म्हाताऱ्या माणसांसाठी वर्ग चालवला. तोल सांभाळायचा, हात न टेकता उठायचं, पायांत ताकद आणायची. आपल्या ब्राह्मणपुरीत असा वर्ग नव्हता. दोन्ही गावांची तुलना करून या खर्चाचं चीज झालं का, ते मला महिनाअखेर लिहून द्यायचं आहे. जन्मभर अर्थशास्त्र शिकवलेल्या बाईकडून फुकटात काम होतं, हे त्यांनी बरोबर ओळखलं.

हिशेब दिसायला सोपा. एका खुब्याच्या ऑपरेशनच्या खर्चात गावाचा वर्ग आरामात वर्षभर चालतो. पण वर्गाने माणसं पडायची तरी थांबायला हवीत! कळसाडीत कितीतरी जण पडल्याची नोंद आहे आणि ब्राह्मणपुरीत जवळजवळ कुणीच नाही. आपल्या घरापुढे तर शून्य. हे असंच असेल तर वर्ग बंद करा, असं मला लिहावं लागेल. तुम्ही लोक काय वेगळं करता ते कळव.

माय ब्याऐंशीची झाली. परवा व्हिडिओवर ती सगळा वेळ भिंतीला टेकून उभी होती, बस म्हटलं तरी बसेना. का, ते विचार.

रूपालीला आशीर्वाद. उत्तर टाळलंस तर मी स्वतः येईन, आणि मी आले की तुला चहा बिनसाखरेचा मिळतो, हे ध्यानात ठेव.

तुझी ताई,
संध्या

*

ब्राह्मणपुरी, ८ जानेवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बिनसाखरेची धमकी पोचली.

आमचं वेगळं म्हणजे शिस्त. आपल्या ओळीतली धनुकाकी मागच्या वर्षी मोरीत पडली. मी त्याच दिवशी मायला बजावलं, एकदा जरी पडलीस तर मळा बंद, देऊळ बंद, ओट्याखाली पाय नाही. खाटेवर बसायचं आणि हुकूम सोडायचे. गावात बऱ्याच घरी पोरांनी हेच केलं. तेव्हापासून माय एकदाही पडलेली नाही. संस्थेची माणसं विचारायला आली तेव्हा मी छाती पुढे काढून सांगितलं.

तेव्हा तू बेलाशक लिही, की ब्राह्मणपुरीचा उपाय फुकट आहे आणि शंभर टक्के लागू पडतो. आकडे तुझेच आहेत, वाद घालू नकोस.

माय उभी राहते, कारण बसून कंटाळा येतो म्हणते. अजून रोज मळ्यात जाते, हरभऱ्याचे शेंडे खुडते आणि मजुरांना शिव्या घालते. मला पण घालते, त्यावरून तब्येत उत्तम समजावी.

भांडून झाल्यावर लोभ उरला तर तो ठेवावा.

उमाकांत

*

ब्राह्मणपुरी, १३ जानेवारी २०२५

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

मी पत्र लिहिते आहे हे यांना माहीत नाही. नाशिकला जाणाऱ्या माहेरच्या माणसाबरोबर देते आहे.

तुमचं पत्र यांनी मोठ्याने वाचलं. आपल्या घरापुढे शून्य, हे ऐकून माय हसली. नंतर चुलीपाशी येऊन मला म्हणाली, देख, तुनी नणंद इतली शिकेल शे, तिले बी कळनं नही.

ताई, माय पडली आहे. पावसाळ्यात मोरीत, दिवाळीत मळ्याच्या बांधावर, आणि डिसेंबरात आम्ही सारंगखेड्याच्या यात्रेला गेलो होतो तेव्हा मागच्या दारात. दर वेळी तिने मला शपथ घातली. म्हणते, पडनू तरी सांगू नको, खाट म्हंजे अर्धी तिरडी शे. धनुकाकी पुढे गेली ती पडून नव्हे, असं तिचं म्हणणं. पोरांनी खाटेवर बसवली, बसून बसून पाय गळाले, मग गेली. आपल्या गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांचं हे ठरलेलं आहे. संध्याकाळी महादेवाच्या पारावर जमतात, एकमेकींचा मुका मार तेल लावून चेपतात आणि घरी सांगतात, भजन होतं.

यात्रेपासून तिला नीट खाली बसता येत नाही. यांच्यासमोर दाराची चौकट धरून उभी राहते. रोज मळ्यात जाते म्हणतात ना, ती बांधावरच्या आंब्यापर्यंत जाते, टेकते आणि परत येते. काल उठताना तिने पदर दातात धरला होता. दवाखान्याचं नाव काढलं तर म्हणते, फोटू काढा म्हंजे पोऱ्याले कळी जाई.

सांगितलं तर शपथ मोडते. नाही सांगितलं तर ती माझ्या डोळ्यांदेखत मोडते. काय करू? एवढंच, माझं नाव घेऊ नका.

तुमची माया या घरावर आहे, ती आत्ता हवी आहे.

रूपाली

*

नाशिक, १६ जानेवारी २०२५

चि. उमाकांत यास,
आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र आजच्या शहादा गाडीच्या कंडक्टरकडे दिलं आहे. मला कसं कळलं ते विचारू नकोस, उत्तर मिळणार नाही.

माय पडली आहे. एकदा नव्हे, तीनदा. तिला नीट बसता येत नाही, म्हणून ती उभी राहते. ओरडायला उठला असशील तर खाली बस आणि पुढचं वाच.

तुझ्या हुकमाने पडणं थांबलं नाही, सांगणं थांबलं. तुझा उपाय फुकट वाटतो, कारण त्याचं मोल माय दुखणं गिळून चुकवते आहे. कळसाडीत वर्ग घेणारी बाई म्हाताऱ्यांना एकेकीला बाजूला घेऊन विचारते. आपल्याकडे विचारलं तुझ्यासारख्या कर्त्यांना. मी आकडे तपासले आणि उत्तर कुणी दिलं ते पाहिलं नाही. त्या शून्यावर मी एक चांगला वर्ग बंद पाडायला निघाले होते. संस्थेला कळवलं आहे, की निकाल देत नाही. बायकांना वेगळं विचारा, मगच मोजा, आणि वर्ग ब्राह्मणपुरीतही सुरू करा.

आता तुझं काम. मायला ताबडतोब शहाद्याला हाडांच्या डॉक्टरकडे ने. निघण्याआधी तिला तोंडाने सांग, फोटोत काहीही दिसलं तरी खाट कायमची नाही आणि मळा बंद नाही. हे न बोलता गाडीत बसवायला गेलास तर ती येणार नाही, आणि ओढाताणीत पुन्हा पडली तर तिचा खुबा जाईल.

रागाच्या भरात असलास तरी माझा जीव तुझ्यावर आहे.

संध्या

*

ब्राह्मणपुरी, २२ जानेवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रूपालीवर ओरडलो. ती भाकरी थापतच राहिली, त्यावरून तुला कुणी कळवलं ते समजलो. मग मायवर ओरडायला गेलो, तर तिने आतून कडी घातलेली. बंद दाराशी उभं राहून मी तुझं वाक्य म्हटलं. पुन्हा म्हटलं. गल्लीतली माणसं बघायला लागली. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा आतून आवाज आला, देवनी आन? मी म्हटलं, देवनी आन. मळाबी? मळाबी. मग कडी निघाली.

कमरेच्या हाडाला बारीक तडा आहे. ऑपरेशन लागत नाही. डॉक्टर म्हणाले, असंच दडवून चालत राहिली असती आणि आणखी एकदा पडली असती, तर भारी पडलं असतं. त्यांनी आराम हा शब्द काढला आणि तिने माझ्याकडे पाहिलं, कसायाकडे गाय बघते तसं. मी घाईने विचारलं, चालायला कधी लागेल? तेव्हा ती पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकून बसली. काही आठवडे जपायचं, मग वॉकर, मग पायांचे व्यायाम. तुझ्या संस्थेच्या वर्गाला आमचं खळं देतो, भाडं नको.

घरी आल्यावर तिने पारावर निरोप धाडला, की आमना घरमा आते सांगेल चालस, म्हणजे पडलं तर लपवायचं कारण नाही. काल दोघी जणी आल्या आणि मला आपापले गुडघे दाखवून गेल्या. मी काय डॉक्टर आहे?

अक्षर वाईट आहे, चालवून घे. मागच्या आठवड्यात पाटाच्या कडेला पाय घसरून मी पडलो, मनगट अजून सुजलेलं आहे. घरात सांगितलं आहे, की ट्रॉलीचा हूक लागला. आमच्या नवनीतला कळलं तर पोरगा ट्रॅक्टरची किल्ली काढून घेईल.

लोभ असावा आणि तोंड बंद असावं.

उमाकांत