दुसऱ्या कडव्याआधी

ताई,

तुझं कौतुक ऐकून ऐकून माझे कान किटलेत, हे आधीच सांगते. तू स्टेजवर शाल पांघरून गातेस आणि मी शिलाई मशीनवर लोकांच्या पॅन्ट आखूड करत दोन पोरं एकटीने वाढवते. वर माझी धाकटी रडायला लागली की तिला मांडी माझी लागते, आवाज मात्र तुझा! मोबाइलवर तुझं ते गाणं लावलं की लगेच गप्प. माझा नुसता जळफळाट होतो. आणि कामाने मान मोडून आली की मीही मुकाट्याने तेच लावते.

लहानपणी तू दुसरं कडवं हमखास विसरायचीस आणि मी मागून पहिला शब्द पुरवायचे. अजूनही तू तिथे थबकतेस. लोक म्हणतात, काय ठहराव! मी मशीनवरून तो शब्द म्हणते, मगच तुझं गाणं पुढे सरकतं.

काल शाळेच्या कार्यक्रमात धाकटीने तेच गाणं म्हटलं. दुसऱ्या कडव्यापाशी आली आणि थांबली. बाईंनी विचारलं, "विसरलीस का गं?"

"नाही. आता आईचं आहे," म्हणाली, आणि मला शोधायला लागली.

मी शेवटच्या रांगेत उभी राहून तो शब्द म्हटला. मग ती पुढे गायली.

हे पत्र मी पाठवणार नाही. वाचलंस तर तू तिथे थांबायची बंद होशील.

तुझी,
जळकुकडी