दिंडोरीचं लग्न कोणाच्या सावधानला लागलं

मखमलाबाद, नाशिक
तुळशीची लग्नं उरकल्यानंतरचा गुरुवार, २००४

सौ. भागूवहिनी यांना नणंद लंकाचा वाकून नमस्कार.

तुमच्या डाव्या गुडघ्याची काय खबर? थंडी पडणार हे आकाशवाणीच्या आधी त्याला कळतं, म्हणून काळजी वाटते. एरंडाचं पान गरम करून बांधत जा आणि डॉक्टरला सांगू नका. इकडे सगळे बरे आहेत. शेवंतीला यंदा भाव बरा आहे, ह्यांचा खोकला होता तिथेच आहे, आणि आपल्या मनीषाचं लग्न ठरलं. (हे तुमच्या कानावर गेलं असेलच. भाजीबाजारात मी सगळ्यांना ‘अजून कोणाला सांगू नका’ म्हणून बजावलं होतं.) मुलगा ओझरचा, स्वभावाने गरीब, कांदेपोहे दोनदा मागून घेतले.

मखमलाबादहून सातपूरला सरळ बस असताना ही बाई पत्र काय लिहिते, असं तुम्हाला वाटेल. पण यायचं कसं? घरात दादा असतो. फोन करावा तर तो दादाच उचलतो, आणि वहिनी, तुमचा नवरा ‘हॅलो’सुद्धा पेटीच्या काळी एकमध्ये म्हणतो. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. म्हणून हे पत्र, तुमच्या नावाने. दादाला दाखवू नका. वाचून झालं की बंबात घाला.

आता निश्चय सांगते. मनीषाच्या लग्नात मंगलाष्टकं मी म्हणणार, एकटी, माझ्या काळी चारच्या पट्टीत. दादाला बोलावणं नाही. लेकीच्या पाठीशी मामा उभा राहावा लागतो, त्याला वणीचा मावसभाऊ चालेल. (त्याला कमी ऐकू येतं. मामाला ऐकू यायलाच पाहिजे असं कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही.) तुम्ही मात्र मुलांना घेऊन हळदीपासून यायचं. लोक शेजाऱ्याच्या भरवशावर म्हैस ठेवून लग्नाला जातात, तुम्हाला तर एक नवरा ठेवायचा आहे.

माझा दादावर राग नाही. राग असता तर मी सगळं पहिल्यापासून सांगितलं असतं. पण विषय निघालाच आहे म्हणून सांगते. नाना आम्हाला शेवंतीच्या वाफ्यात बसवायचे, फुलं तोडता तोडता गायला लावायचे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे की माझ्या गोटीरामचा नि लंकाचा गळा एकच आहे. इथेच घोळ झाला. गळा एक असेल, पट्टी कुठे एक होती? दादा मोठा, म्हणून पेटी कायम त्याच्या काळी एकला. त्या पट्टीत मी खाली गेले की विहिरीतून बोलल्यासारखी आणि वर गेले की कुकरच्या शिट्टीसारखी. तरी लोकांना आमची जोडी आवडायची. आडगावपासून पिंपळगावपर्यंत कोणाचं लग्न ठरलं की तारखेच्या आधी आम्हाला विचारायचे.

मग देवीच्या गाण्यांची कॅसेट निघाली. वणीला चैत्राच्या यात्रेत दुकानादुकानात वाजत होती. वेष्टनावर दादाचा फोटो, फेट्यासकट. खाली लिहिलेलं, ‘गोटीराम आणि साथी’. साथी म्हणजे मी, वहिनी! पेटीवाल्या भिकाचंसुद्धा नाव होतं. दादा म्हणाला, छापणाऱ्याची चूक. फेटा बांधून फोटो काढायला गेला तेव्हा शेजारी बहीण नाही, हे छापणाऱ्याच्या लक्षात यायचं की याच्या?

तरीही मी गप्प बसले असते, पण दिंडोरीचं लग्न झालं. तुम्ही तेव्हा माहेरी होतात, म्हणून तुम्हाला फक्त दादाची बाजू माहीत आहे. द्राक्षबागाइतदारांचं लग्न, मांडव असा की त्यात अजून दोन लग्नं लागली असती. कॅसेटपासून आम्ही वेगवेगळे गात होतो, हे त्या बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं. मुलीकडच्यांनी मला सांगितलं, मुलाकडच्यांनी दादाला. एकाला सांगितलं की दुसरा येतोच, असं दोघांनाही वाटलं. मी पोचते तर पेटीशी भिका, आणि माईकशी दादा. माईक एकच.

मुलीकडची म्हणून पहिलं मंगलाष्टक मी घेतलं. माझं ‘सावधान’ संपतंय तोच दादाने दुसरं उचललं, अर्थात स्वतःच्या पट्टीत. मी तिसरं चढवलं. नेहमीची मंगलाष्टकं संपली, तेव्हा दादाने जागेवर रचायला सुरुवात केली आणि नवऱ्याचे सगळे काके श्लोकात बसवले. मी नवरीच्या मावश्या बसवल्या, एक वारलेली धरून. मग दादाने त्यांची बाग, बागेतला ट्रॅक्टर आणि फवारणीचं यंत्रही वृत्तात घेतलं. (ट्रॅक्टर बरा बसला होता. खोटं कशाला बोलू?) भिका बिचारा पेटीवर एकदा माझी पट्टी, एकदा त्याची पट्टी अशी पळापळ करत होता. प्रत्येक ‘सावधान’ला लोक अक्षता टाकत होते. त्या संपल्यावर पोरं खालच्याच गोळा करून परत टाकायला लागली, आणि शेवटी कोणीतरी आचाऱ्याकडून भाताचे तांदूळ आणले. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले, तो खाली आला आणि नवरानवरी त्यावरून आरामात गप्पा मारू लागली. नवरीचा मामा खुर्ची मागवून बसला. गुरुजींनी हातातलं घड्याळ आम्हाला दाखवलं, मग स्वतःच्या कानाला लावून पाहिलं.

शेवटी नवरदेवाचा बाप ओरडला, “ओ गायनवाले, लय झालं! पोरगं म्हातारं व्हईल मांडवात!” त्या गडबडीत नवरीने हार घातला, बँड सुरू झाला, आणि आम्ही दोघं तरीही गातच होतो. तर लग्न लागलं ते माझ्या ‘सावधान’ला. दादा आजवर सांगत फिरतो की त्याच्या. हार गळ्यात पडला तेव्हा माईकवर कोण होतं, हे भिकाला विचारा. (भिका सांगत नाही. त्याला दोघांकडची कामं हवी असतात.) त्या मांडवातून आम्ही वेगवेगळ्या गाड्यांनी घरी आलो आणि तेव्हापासून बोललो नाही.

नंतर दादा ऑर्केस्ट्रात गेला. गोटीराम नाव स्टेजवर शोभत नाही म्हणून ‘जी. राम’ झाला. नानांनी हौसेने ठेवलेलं नाव कोटाच्या खिशात गेलं. पुढे ऑर्केस्ट्राही बसला, आणि आता तो साड्यांच्या सेलची जाहिरात म्हणतो ती रिक्षावरच्या भोंग्यातून दर शनिवारी आमच्या दारावरून जाते. मी खिडकी लावून घेते. (आधी पूर्ण ऐकते, मग लावते.) ‘ब्लाऊजपीस फुकट’मधल्या ‘फुकट’वर तो जी हरकत घेतो ती अख्ख्या जिल्ह्यात कोणाला जमणार नाही, आणि असा गळा ब्लाऊजपीसवर घालवतो याचं मला फार वाईट वाटतं. माझंही काही फार निराळं नाही. मी भजनी मंडळ चालवते. त्यातल्या निम्म्या बायका सुरात नाहीत आणि उरलेल्या वेळेवर नाहीत. स्पर्धेत आम्हाला उत्तेजनार्थ मिळतं, म्हणजे आता थांबू नका पण फार अपेक्षाही ठेवू नका.

ओझरचे व्याही तर म्हणाले, “ताई, आता मंगलाष्टकांची शीडी हाय ना! बटन दाबलं का लगीन लागतं. कशाला घसा फोडता?” मी सांगितलं, माझ्या लेकीचं लग्न बटणावर लागणार नाही. आपल्या नानांची, मोतीरामची नात आहे ती. मी रोज सकाळी फुलं तोडताना तालीम करते आहे. शेवटचा श्लोक सोडला तर सगळं बसलं आहे. शेवटच्याचं बघू.

असो. हळदीला या, गुडघा जपा.

तुमची,
लंका

ता. क. मावसभावाला मी अजून विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

ता. क. २. दादा, इथपर्यंत वाचलंस ना? वहिनींना बारीक अक्षर दिसत नाही, त्यांची पत्रं तूच वाचून दाखवतोस, हे मला काय माहीत नाही? शेवटचा श्लोक लेकीला निरोप द्यायचा आहे. मला तो येतो, पण घशातून निघत नाही. रोज तिथेच अडते आणि फुलांच्या टोपलीत तोंड घालून रडते. तो तू म्हण. मनीषाच्या पाठीशी उभा राहून म्हण, मामाची जागा तीच आहे. मांडववाल्याला लांब वायरचा माईक सांगून ठेवला आहे, आणि भिकाला सांगितलं आहे की पेटी काळी एकला. फेटा बांधून ये. शेवटचं ‘सावधान’ तुझं. मनीषाचं लग्न त्याच्यावरच लागू दे.

ता. क. ३. दिंडोरीचं मात्र माझ्याच ‘सावधान’ला लागलं होतं.