उसना पृथ्वीगोल

आबा, मी एका बंद देशात जाऊन आले. तुम्ही असता तर आधी विचारलं असतं, जेवायला काय देत होते. रोज भात आणि आंबवलेला कोबी. बंद अशासाठी म्हणते, की तिथं एकटं फिरायची परवानगी नाही. गाडी सरकारची, सोबतचा माणूस सरकारचा, आणि ते दाखवतील तेवढंच बघायचं. देशाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुम्हाला त्याची गरजही नाही. पृथ्वीगोलावर माझं बोट जिथं थांबलं होतं, तोच तो.

लोहाऱ्याच्या शाळेतला तो गोल तुम्ही पोत्यात गुंडाळून सायकलच्या कॅरिअरला बांधून आणला होता. तीन शाळांत मिळून गोल एकच. तपासणीचे साहेब ज्या शाळेत जाणार, तिथं तो आदल्या दिवशी पोचायचा. आपल्या शाळेच्या दाराला धड कुलूप नव्हतं, म्हणून तो एका संध्याकाळपुरता घरी आला. आई भाकरी थापतेय, मी चुलीजवळ बसून तो फिरवतेय, आणि तुम्ही म्हणता, डोळे मीट, बोट ठेव, जिथं थांबंल तिथं तू जाणार. बोट नखाएवढ्या देशावर थांबलं. तुम्ही चष्मा वर सरकवून नाव वाचलंत आणि हसलात. "इथं सोडत न्हाईत कुणाला. दुसरं गाव बघ." मी दुसरं बघितलं नाही. नऊ वर्षांची होते, हट्टी होते. गोलावर समुद्राच्या जागी एक पोचा होता. तो माझ्या अंगठ्याला अजून आठवतो.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. टेबलावर आईचा धुतलेला टॉवेल, त्यावर गोल. तुम्ही बोलता बोलता टॉवेलची कड बोटांनी पुन्हा पुन्हा सरळ करत होता. मी उभी राहिले आणि म्हणाले, "साहेब, हा गोल आपला न्हाय. काल लोहाऱ्याहून आणलाय." साहेबांनी शेरेबुकात दोन ओळी लिहिल्या, आणि त्या उन्हाळ्यात तुमची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, परंड्याकडं झाली. दोन वर्षं तुम्ही शनिवारी आलात तर आलात. तुम्ही मला मारलं नाही. त्या दिवशी घरी येऊन पाय धुताना एवढंच म्हणालात, "खरं बोललीस. पण बोलायच्या आधी कुणाचं काय जातंय, तेवढं बघत जा." मला तो भित्रेपणा वाटला.

पुढं मी मुख्याध्यापिका झाले आणि ही गोष्ट दरवर्षी मुलींना सांगू लागले. साहेबांनी विचारलं, गोल कुणाचा? आणि एवढीशी मुलगी वडिलांसमोर खरं बोलली. बदलीचं सांगत नव्हते. एका वर्षी स्नेहसंमेलनाला तुम्ही पहिल्या रांगेत बसला होता, स्वच्छ धोतर, मांडीवर टोपी. गोष्ट संपली तेव्हा पहिली टाळी तुमची होती. तुम्हालाही आता पटलं, असं मी धरून चालले.

त्या देशाच्या सहलीला आम्ही पाच निवृत्त बायका गेलो होतो. त्यात उमरग्याची एक नर्सबाई, माझी जुनी मैत्रीण. मी खिडकीच्या कडेवरून बोट फिरवून धूळ बघितली की ती म्हणायची, "बाई, फिरायला आलाय का तपासणीला?" तिसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला शहरातली एक शाळा दाखवली. मुलांनी गाणं म्हटलं. प्रयोगशाळेत दहा सूक्ष्मदर्शक ओळीनं मांडलेले, त्यातल्या एकाच्या मानेला निळी चिकटपट्टी. जेवणानंतर बसनं दोन तास लांब, एका खेड्यातल्या शाळेत नेलं. तिथंही दहा सूक्ष्मदर्शक. डावीकडून चौथ्याच्या मानेला तीच निळी पट्टी.

मी थांबले. आमची मार्गदर्शक माझ्या मुलीच्या वयाची होती. मी काय बघतेय ते तिला कळलं. तिच्यामागं तो माणूस उभा होता, जो तीन दिवस कुणाशी बोलला नव्हता, नुसता लिहीत होता. आता तो तिला काही बोलला. ती माझ्याकडं वळून हळू आवाजात इंग्रजीत म्हणाली, टीचर इतका वेळ काय बघताहेत, असं ते विचारतात. तिच्या बोटांनी टेबलावरच्या कापडाची कड धरली होती. कड सरळच होती, तरी ती मुलगी सरळ करत होती.

आबा, चाळीस वर्षांची नोकरी केलेली बाई मी, वर्गात खोटं खपवून घेतलं नाही. मी म्हणाले, "त्यांना सांग, या शाळेनं आपली उपकरणं फार निगेनं ठेवली आहेत." अभिप्रायाच्या वहीतही तेच लिहिलं, खाली सही केली. तिनं ते दोनदा वाचलं आणि पान उलटलं. बसमध्ये नर्सबाई कानाशी आली. पट्टी तिनंही बघितली होती. म्हणाली, "तुमी आणि खोटं? उमरग्यात सांगून कुणाला पटायचं न्हाय." मी तिला म्हटलं, मग सांगू नका. त्या मुलीच्या देशाचं नाव मीही म्हणूनच लिहीत नाही.

परत आल्यापासून दुपारी स्वयंपाकघरात बसले की वाटतं, तुम्ही सायकल भिंतीला टेकवून आत याल आणि मी सांगेन, सोडलं बरं का त्यांनी मला आत. दुसऱ्या कुणाला सांगून काय कळणार? त्या संध्याकाळी तो गोल बघितलेलं आता माझ्याशिवाय कुणी राहिलेलं नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. बारीक घडी करून तुमच्या चष्म्याच्या डबीत ठेवते. त्याआधी एकच. त्या दिवशी साहेबांनी मला काही विचारलंच नव्हतं. मी आपणहून उठले, तेही रागानं. गोल दुपारी परत जाणार, असं तुम्ही सकाळी सांगितलं होतं, आणि मला तो घरी हवा होता.